काय विकायचं नाही

मी साच बोलतोय. तुमच्याकडे साच म्हणजे खरं, असं ऐकून आहे; तेव्हा खोटं बोलायची मला सोयच नाही. आमच्या ट्राव्निक गावात साच म्हणजे परातीवर घालायचं घुमटासारखं लोखंडी झाकण. खाली निखारे, वर निखारे, मध्ये मी.

माझी मालकीण शेफिका, तिच्या लग्नाच्या वर्षी लोहारानं मला ठोकून काढलं. नवरा गेल्यावर खाण्याचं दुकान तिनं एकटीनं चालवलं. माझ्यामागून आणखी तीन साच आले, पण थोरला मीच. माझ्या काठाला चीर गेली आहे, तरी पहिलं फावडंभर निखारे शेफिका माझ्यावरच टाकते. याचा मला गर्व आहे, लपवायचा कशाला?

मांड्याइतकी पातळ पोळी ओढायची, त्यात मांस भरून गुंडाळायची, परातीत गोल गोल बसवायची, की झाला बुरेक. चीज भरलं तर ती सिर्नित्सा, बटाटा भरला तर क्रोम्पिरुशा. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

मग बसस्टँडवर नवी बेकरी निघाली. चकचकीत काचा, विजेची भट्टी. वर्षभरात आमची गिऱ्हाइकं निम्मी झाली. एका सकाळी चौथ्या साचावर शेफिकानं निखारे टाकलेच नाहीत. महिन्याभरानं तिसराही गार राहिला. शेवटी तिनं मुलीला फोन करून सांगितलं, हिवाळ्यापर्यंत बघते, नाहीतर दुकान बंद करते.

तिची मुलगी अल्दिना परदेशात, ल्युब्लियाना शहरात नोकरीला. दुसऱ्यांच्या दुकानांच्या योजना आखून द्यायच्या, हेच तिचं काम. रजा काढून आली ती योजना घेऊनच. चौदा पदार्थ, त्यात पिझ्झा आणि सँडविच, आणि विजेची भट्टी. शेवटच्या ओळीत मी होतो: थोरला साच, भिंतीवर, शोभेला. गार लोखंडालाही घाम फुटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेफिका हो म्हणाली. थकलेलं माणूस कशालाही हो म्हणतं.

भट्टी यायला अवकाश होता, तोवर अल्दिनानं दारावर पाटी लावली. मांसाचा बुरेक, चीजचा बुरेक, बटाट्याचा बुरेक. ल्युब्लियानात सगळ्यालाच बुरेक म्हणतात आणि दहा वर्षांत तिच्याही जिभेला तेच वळण लागलं होतं.

समोरचे घड्याळजी मुनिब पाटीपुढे उभे राहिले. चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली.

"शेफिका, मांसाचा बुरेक म्हणजे ओलं पाणी झालं की गं. आणि चीजचा बुरेक म्हणजे काय, कोरडं पाणी?"

दुपारपर्यंत हे अख्ख्या बाजारभर पसरलं. माणसं पाटी बघायला यायची, हसायची आणि न खाता जायची. अल्दिनाचा चेहरा पडला. मला आधी बरं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. पोर आईचं दुकान वाचवायलाच आली होती ना!

पाटी उतरवून तिनं मुनिबांना आत बोलावलं, पुढ्यात कॉफी ठेवली.

"काका, हसून झालं असेल तर एक सांगा. हल्ली तुम्ही नाश्ता कुठं करता?"

मुनिबांनी कप खाली ठेवला. पोळी ओढणारे शेफिकाचे हात थांबले.

"बसस्टँडवर," ते म्हणाले. "पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतं. पण मला साडेनऊला दुकान उघडायचं असतं. तुझ्या आईची परात नऊला निघेल की दहाला, हे त्या साचाला तरी ठाऊक असतं का?"

नसायचंच, कबूल करतो. शेजारीण गप्पांना आली की शेफिकाची परात अर्धा तास पुढे जायची. लोक ताटकळायचे आणि निघून जायचे. आम्ही मात्र बेकरीच्या नावानं बोटं मोडत होतो.

अल्दिनानं नवी योजना लगेच लिहिली नाही. आठवडाभर ती दाराशी स्टूल टाकून बसली. येणाऱ्याला विचारलं, तसंच न थांबता पुढे जाणाऱ्यालाही अडवून विचारलं. पिझ्झा कुणालाच नको होता. जो तो एकच विचारत होता: तयार कधी असतं?

शनिवारी दोघी माझ्याशेजारी कागद घेऊन बसल्या. अल्दिना काय काय करता येईल ते लिहायला लागली, तशी शेफिकानं तिचा हात धरला.

"आधी काय विकायचं नाही ते लिही."

पिझ्झा गेला, सँडविच गेलं, पालकाचं सारण गेलं. विजेची भट्टी नको म्हणून कळवायचं ठरलं. क्रोम्पिरुशापाशी पेन अडलं. ती शेफिकाच्या गेलेल्या नवऱ्याच्या आवडीची. शेफिकानं पेन घेऊन स्वतःच त्यावर काट मारली. "ती मी घरी करीन," म्हणाली आणि पदराशी... म्हणजे एप्रनच्या टोकाशी चाळा करत बसली. मला फार वाईट वाटलं. उरलं ते एवढंच: बुरेक आणि सिर्नित्सा, सातला, नऊला आणि बाराला. मिनिट इकडचं तिकडे नाही.

पहिले दहा-बारा दिवस नऊला झाकण उठायचं आणि दारात चिटपाखरू नसायचं. गार झालेलं त्या दोघीच खायच्या. अल्दिनानं रजा वाढवून घेतली. मुनिब मात्र घड्याळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या वेळा ऐकवत होते. हळूहळू माणसं वळली. तिसरा साच तापला, मग चौथाही.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी नऊच्या चारही पराती बघता बघता संपल्या, आणि अकराच्या सुमाराला दारात आणखी सहा माणसं उभी. आमच्याखाली बाराचा माल नुकताच ठेवला होता.

"अर्धवट भाजलेलं असलं तरी चालेल, मावशी," एकजण म्हणाला.

तीस वर्षांत शेफिकानं कुणाला विन्मुख पाठवलं नव्हतं. मला उचलायचा आकडा तिच्या हातात होता. शेफिकानं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि आकडा खुंटीला अडकवला.

"बाराला या."

ते कुरकुरत गेले. तासभर ती कणीक मळत होती आणि दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होती. बारा वाजता दारात सहाची अकरा माणसं झाली होती.

माझी चीर वाढते आहे, अजून एखाद-दुसरा हिवाळा निघेल. दुकान चालवणाऱ्यांनो, जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगायचंय. दारात माणसं उभी असताना हातातला आकडा खुंटीला अडकवणं फार जड जातं. मी ते अगदी जवळून पाहिलंय. तरी अडकवा. आणि बारा वाजता झाकण मात्र उचला.