क्लाराबायची भिंत

मित्रांनो, नालासोपाऱ्याहून गासकडे येताना केळीच्या वाड्या सुरू होतात, तिथे डाव्या हाताला दगडचुन्याची एक लांब भिंत लागते. वय झाल्यामुळे तिचे दोन ठिकाणी पोट सुटले आहे आणि डोक्यावर शेवाळ धरले आहे. ती भिंत म्हणजे मी. तुम्ही माझ्या सावलीत कितीदा उभे राहिला असाल, पण माझी हकीकत तुम्हाला कोणी सांगितली नसेल.

मला ऑगस्टीन मास्तरांनी बांधले. मास्तर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत. मोकाट गुरे वाडीत शिरून केळी खात, म्हणून त्यांनी मला उभे केले. दर वर्षी नाताळाच्या आधी मला चुना लागे. उन्हात मी अशी लखलखत असे की समोरून येणारा सायकलवाला डोळे बारीक करी. एखाद्या पोराने माझ्यावर चेंडू मारला, की मास्तर ओट्यावरून गरजत, "भिंत आहे ती, फळा नाही!" मलाही त्याचा फार अभिमान वाटे. अंगावर एकही डाग नसणे म्हणजेच सुंदर असणे, असे मी तेव्हा समजत होते.

चुना लावायला श्रीपत येई. तो खाडीकाठच्या गावातला. भाताची झोडणी उरकली, की केवड्याच्या मुळीचा कुंचला घेऊन तो गासच्या वाड्यांतून फिरे. माणूस अबोल. दुपारी मास्तरांच्या पत्नी, क्लाराबाय, त्याला पेज आणि भाजलेला सुका बोंबील देत. तो विहिरीच्या बाजूला बसून जेवे, ताटली घासून पालथी घाली आणि कामाला लागे.

१९७३ सालचा डिसेंबर होता. घर दुपारचे आडवे झाले होते. माझ्यावरचा शेवटचा हात अजून ओला होता. श्रीपतने वाटीत थोडी नीळ कालवली, दुसऱ्या वाटीत गेरू, चुलीतला एक कोळसा घेतला आणि माझ्या रस्त्याकडच्या अंगावर काहीतरी ओढू लागला. मी घाबरले. पण त्याचा हात फार हलका होता. ओल्या चुन्यात रंग मुरतो, मित्रांनो. तो वरवर राहत नाही, अंगात जातो.

चार वाजता मास्तर बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले.

माझ्यावर एक बाई उभी होती. लाल चौकड्यांचे लुगडे नेसलेली, विहिरीच्या रहाटाचा दोर ओढणारी. चेहरा पलीकडे वळलेला. डावी टाच जमिनीपासून उचललेली.

"हे काय आहे, श्रीपत?"

"इहिरीवरची बाय काडली, मास्तर."

"कुणाच्या विहिरीवरची?"

श्रीपत रंगाच्या वाट्या उचलू लागला. त्याच्या उत्तराची गरजही नव्हती. रस्त्याने जाणाऱ्या सालोमीने टोपली खाली ठेवली आणि ती सहज म्हणाली, "अगं बाय, ही तर आपली क्लारा!"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरातल्या बाईला तू रस्त्यावर उभं केलंस? मी तुला चुना लावायला बोलावलं होतं. आत्ताच्या आत्ता पुस!"

श्रीपतने मान खाली घातली. चुन्याची बादली उचलून तो माझ्यासमोर आला. कुंचला बुडवला, पण हात वर गेला नाही. एवढ्यात गलबला ऐकून क्लाराबाय आतून आल्या होत्या. तो त्यांच्याकडे वळला.

"बाय, तुमचं हाय. तुमी सांगा. पुसू?"

क्लाराबाय चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्या आपल्या घरच्या बोलीत बोलल्या. ती बोली तुम्हाला समजणार नाही, म्हणून मी सरळ करून सांगते. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी त्या विहिरीचं पाणी ओढते आहे. एवढ्या वर्षांत कोणी वळून बघितलं नाही. याने बघितलं. राहू दे."

मास्तर आत निघून गेले. जाताना श्रीपतला म्हणाले, "पुढच्या वर्षी येऊ नकोस."

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली आणि माणसे घरी जायच्या ऐवजी माझ्यासमोर जमली. शेजारचे लुईस म्हणाले, "दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता केलेली ती घाणच. उद्या माझ्या भिंतीवर काय काढील, कुणाला ठाऊक?"

सिप्रियन सुतार हसला. "घाण असती तर नाकाला रुमाल लावून गेला असतास, लुईस. अर्धा तास उभा आहेस."

"चांगलं आहे म्हणून काय झालं? विचारलं का त्याने?"

"नाही विचारलं," सिप्रियनने कबूल केले. "ते चुकलंच त्याचं."

मी दोघांचेही ऐकत होते आणि मला दोघांचेही पटत होते. तो वाद काही सुटला नाही. मात्र त्या वर्षी चार घरांनी श्रीपतला चुन्याचे काम दिले नाही. पुढच्या वर्षी तर तो आमच्या आळीत आलाच नाही. मास्तरांनी दुसरा माणूस आणला. क्लाराबाय त्याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि चित्राभोवती हातभर जागा सोडून त्याच्याकडून चुना लावून घेतला. मास्तर ओट्यावरून पाहत होते.

त्यांच्यात काय बदलत होते ते मला एकदा सकाळी कळले. क्लाराबाय विहिरीवर होत्या आणि मास्तर ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. पेपर मांडीवर पडला होता. ते क्लाराबायच्या पायाकडे बघत होते. दोर ओढताना त्यांची डावी टाच उचलली जाई, अगदी माझ्यावर काढली होती तशी. मास्तर उठले, विहिरीपाशी गेले आणि म्हणाले, "दे, मी ओढतो." क्लाराबाय इतक्या चकित झाल्या की दोर त्यांच्या हातून सुटायचाच बाकी होता.

मग १९७७ची निवडणूक आली. आळीतल्या साऱ्या भिंती घोषणांनी भरल्या. एका दुपारी चार-पाच कार्यकर्ते रंगाचे डबे घेऊन माझ्यापाशी आले. त्यांना मी फार आवडले. लांब, सरळ, रस्त्याच्या कडेला. एकाने क्लाराबायच्या डोक्यावर ब्रश टेकवलासुद्धा. निळा एक ठिपका उमटला.

"थांबा!" मास्तर अनवाणीच धावत आले. "इथे नाही."

"मास्तर, देशाचं काम आहे. आणि भिंत तर तुमची आधीच खराब झालीय."

मास्तर मला पाठ टेकून उभे राहिले. त्यांना धाप लागली होती. "खराब झालेली नाही ती," ते म्हणाले. "चित्र आहे ते."

सव्वातीन वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला. ती माणसे कुरकुरत पुढे गेली. मास्तरांनी त्याच संध्याकाळी सायकल काढली आणि ते खाडीकाठच्या गावाला गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पण त्या नाताळात श्रीपत पुन्हा आमच्या दारात आला. त्याने तो निळा ठिपका खरवडून काढला आणि जेवायला बसला, तेव्हा मास्तरही आपली ताटली घेऊन त्याच्याजवळ बसले.

क्लाराबाय १९८१ साली गेल्या. त्यानंतर मास्तर पावसाळ्याआधी माझ्यावर माडाच्या झावळ्यांचा झाप बांधू लागले. इतर लोक घराला झाप बांधत, मास्तर चित्राला बांधत. तरी समुद्रावरचे वारे खारट असते. लुगड्याचा लाल रंग विटला, रहाट फिका झाला. कोणीतरी खिळ्याने आपले नावही माझ्यावर कोरले. तो ओरखडा मला अजून दुखतो. तो नाव लिहून गेला, पण माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नव्हते.

८७ साली रस्ता रुंद करायचे ठरले. मोजणीवाले आले आणि त्यांनी माझ्या अंगावर लाल खुणा केल्या. मास्तर काठी टेकत बाहेर आले.

"रस्ता हवाच," ते म्हणाले. "पण समोरची वाडीही माझीच आहे. जागा तिकडून घ्या."

"मास्तर, तिकडे तुमचे सोनचाफे आहेत. सगळे जातील."

"जाऊ द्या."

"आणि रस्ता इथे वाकडा होईल."

"होऊ दे वाकडा."

म्हणून आमच्या आळीचा रस्ता माझ्यापाशी येऊन वळतो. आता इमारतींसाठी विटा नेणारे ट्रक तिथे वेग कमी करताना शिव्या देतात. हे वळण कशामुळे आले ते त्यांना माहीत नाही आणि चित्रही आता दिसेनासे झाले आहे. थोडा निळा, थोडा गेरूचा डाग, एवढेच उरले आहे.

मित्रांनो, भिंत दुसऱ्याची असेल तर तिला हात लावण्याआधी दार वाजवा. नाव कोरू नका, आम्हाला लागते. आणि कोणी न विचारता काही काढलेच, तर चुन्याची बादली आणण्याआधी घटकाभर समोर उभे राहा. नुसते खरडलेले असेल तर खुशाल पुसा. पण त्यात एखादे माणूस सापडले, तर त्या माणसाला बोलावून आणा आणि त्यालाच विचारा.

श्रीपत मागच्या वर्षी वारला. त्याने दुसरे चित्र कधी काढले नाही. आळीत सारे त्याला चुनेवाला श्रीपतच म्हणत. मास्तरही तसेच म्हणत, त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. तो शब्द म्हणायचा राहून गेला, तो आज मी म्हणते. श्रीपत चित्रकार होता.