मुलुंडचे घरघर-निरीक्षक

सत्त्याऐंशी साली शरच्चंद्र गुप्त्यांना सरकार पगार देत होतं, तो काहीही ऐकू येत नाही हे ऐकण्याबद्दल. देशात सगळं आलबेल नाही ही गोष्ट लोकांना बाहेरून कळू नये, म्हणून एका खात्याने साकीनाक्याला पत्र्याची शेड घेतली होती. संध्याकाळी पावणेआठला शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्राच्या हिंदी बातम्या लागल्या, की शेडमधला काशीराम खटका ओढायचा आणि नेमकी त्याच जागी आवाज बुडवणारी घरघर सोडायचा. ती नीट बसते की नाही, हे गुप्त्यांनी मुलुंडला आपल्या घरी सरकारी रेडिओला कान लावून तपासायचं आणि छापील तक्ता भरायचा. 'बातम्या ऐकू आल्या काय? असल्यास कोणत्या?' गुप्ते अकरा महिने 'नाही' लिहीत होते. या कामासाठी खात्याने त्यांना टेलिफोन दिला होता, त्यामुळे बिल्डिंगमध्ये त्यांना फार मान होता.

एका बुधवारी बातम्यांना पाच मिनिटं असताना समोरच्या प्रेमा सावंत दारात उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा नंदू आखातात 'जलमोहिनी' या तेलाच्या जहाजावर होता. जहाजावर बॉम्ब पडल्याचं कंपनीने कळवलं होतं. पुढचं कळवायला कंपनीला वेळ झाला नव्हता. आणि सरकारी बातम्यांत दोन दिवस एका पुलाचं उद्घाटन चालू होतं.

"भाऊजी, तुमच्या रेडिओर जहाजाचा सांगतत म्हणे. माका आयकाक व्हया."

"वहिनी, माझा रेडिओ न ऐकण्याचा आहे."

"मगे कान कित्याक लावतास?"

अकरा महिन्यांत हा प्रश्न गुप्त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी टेलिफोन उचलला.

"काशीराम, केंद्र सरकलंय रे. घरघर जरा डावीकडे घे."

"साहेब, डावीकडे आपल्याच मंत्र्यांचं भाषण चालू आहे."

"वरून आदेश आहे."

"मग घेतो. ऐकणाऱ्याला फरक काय पडतोय!"

घरघर सरकली आणि परदेशी केंद्र शेजारच्या खोलीतून बोलावं तसं बोलू लागलं. तिसरी बातमी जहाजाची होती. 'जलमोहिनी' के सभी तेईस कर्मचारी सुरक्षित.

"सगळे वाचले, वहिनी!"

"सगळे म्हणजे नंदू पण?"

"सगळ्यांत तो आलाच ना."

"तुमका नाय म्हायत. आमच्या गणपतीच्या फोटोत सगळे आसत, नंदू नाय." त्यांनी पदरातून त्याचं पत्र काढलं आणि बोटाने ओळ शोधली. 'आम्ही मला धरून तेवीस आहोत.' मग त्या मटकन खुर्चीवर बसल्या आणि गुप्त्यांचा थंड झालेला चहा पिऊन टाकला.

गुप्त्यांनी सवयीने तक्ता ओढला आणि 'नाही' लिहिणार, तोच प्रेमावहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"सरकारी कागदार नाय लिवलास तर तो वाचलो कसो? होय लिवा."

"अहो, माझी नोकरी जाईल!"

"नोकरी दुसरी गावतली. घोव खय गावतलो?"

गुप्त्यांनी लिहिलं : 'होय. प्रेमा सावंत यांचे यजमान वाचले.'

मंत्र्यांचं भाषण त्या संध्याकाळी अथपासून इतिपर्यंत घरघरीखाली गेलं. त्याबद्दल आजतागायत एकही तक्रार आलेली नाही. तक्त्याची दखल मात्र खात्याने घेतली, तीन आठवड्यांनी.

'सदर इसम वाचल्याचे सरकारी केंद्राने प्रसारित केलेले नाही. तरी तो कोणत्या आधारे वाचला, याचा सात दिवसांत पुराव्यासह खुलासा करावा. अन्यथा आपणांस सेवेतून कमी करण्यात येईल.'

गुप्त्यांची झोप उडाली. प्रेमावहिनी म्हणाल्या, "पुरावो येता हा, गप ऱ्हवा." सहाव्या दिवशी नंदू आला, डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन. सातव्या दिवशी गुप्त्यांनी त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि कचेरीत नेऊन उभा केला. खुलाशाचा कागद एका ओळीचा होता : 'संदर्भीय पत्रास अनुसरून सोबत यजमान (एक नग) जोडले आहेत.'

कारकुनाने ओळ दोनदा वाचली. नंदूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याच्या प्लास्टरवर आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि मान वर न करता विचारलं,

"दुसरी प्रत कुठाय?"