साहेबांचा पिनचा खेळ

धाकट्या भावाच्या शर्टाची बटणं लावताना ताई रोज मनातल्या मनात मोठ्या साहेबांचा गळा दाबायची. गळ्याजवळचं बटण आलं की बोटांत जरा जास्तच जोर यायचा.

"अगं ताई, साहेब मी नाही. श्वास तरी घेऊ दे!"

धाकट्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. जीभ शाबूत होती.

"आज तूही चल सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमाला," ताई म्हणाली. "मागे बस गुपचूप."

हातबॉम्बच्या कारखान्यात धाकटा चाचणीला होता, ताई रंगखात्यात. बॉम्ब मोठ्या साहेबांनी घडवलेला. पिन काढली तरी लिव्हर मुठीत दाबलेली असेल तोवर फुटायचा नाही, ही त्याची ख्याती. धाकट्याच्या मुठीत तो लिव्हर दाबलेली असतानाच फुटला. चाचणीचा म्हणून पोटात दारू नव्हती, नुसता फ्यूज होता, तेव्हा हातावर निभावलं. चौकशीला बसले तेही मोठे साहेबच. निकाल काय, तर माल निर्दोष, पकड ढिली, कामगार निष्काळजी. तो बॉम्ब ज्या खेपेतला, ती अख्खी खेप मात्र गुपचूप नष्ट झाली. फाटकावरची 'सदोष मालामुळे एकही अपघात नाही' ही पाटी तशीच झळकत राहिली आणि धाकट्याला त्याच पाटीखालून घरी पाठवलं.

दर सुरक्षा दिनाला साहेबांचा एक खेळ ठरलेला. पाहुण्यांसमोर पिन ओढायची, लिव्हर दाबून भाषण ठोकायचं आणि टाळ्या घेत पिन परत लावायची. बॉम्ब अर्थातच रिकामा, ना दारू ना फ्यूज. रिकाम्याला निळा रंग द्यायचा नियम. पण पाहुण्यांच्या पोटात गोळा यावा म्हणून साहेब आपला बॉम्ब भरलेल्यासारखा हिरवा रंगवून घेत.

यंदा तो ताईनं रंगवला. छान हिरवागार. बुडाशी मात्र पिवळा पट्टा, म्हणजे त्या खेपेची खूण.

साहेबांनी ऐटीत पिन ओढली. "मंडळी, लिव्हर दाबलेली आहे तोवर हा पाळण्यातल्या लेकरासारखा..."

"साहेब," तबक घेऊन शेजारी उभी असलेली ताई पुटपुटली, "जरा बूड बघता का? भांडारात एक राहून गेला होता. धाकट्याच्या खेपेतला."

साहेबांनी बूड बघितलं. तोंड चुना फासल्यासारखं झालं. "भ... भरलेला?"

"असेना का! लिव्हर दाबलीय ना? पकड तर तुमची घट्ट."

साहेबांनी बॉम्ब भिरकावला, तोही नेमका कामगारांच्या रांगांकडे, आणि स्वतः टेबलाखाली शिरले. किंकाळ्या उठल्या, खुर्च्या कोसळल्या. बॉम्ब घरंगळत गेला आणि निपचित पडला.

ताई सावकाश चालत गेली. बॉम्ब उचलून तिनं वरचा भाग फिरवून काढला आणि पोकळ पोटावर फुंकर मारली. शिटी वाजली.

लष्कराचे पाहुणे गुडघे झटकत उठले. "साहेब, लिव्हर तर तुम्ही दाबून धरली होती. मग फेकलात कशाला?"

"ती खेप..." टेबलाखालून आवाज आला, "ती दाबून धरली तरी फुटते हो!"

मागच्या रांगेत धाकटा उभा राहिला. टाळी वाजवायला दुसरा हात नव्हता, म्हणून डाव्या हातानं तो मांडीवर थापा मारू लागला. एकटाच.

ताईनं टेबलावरचा माईक काढला, खाली वाकली आणि साहेबांच्या तोंडापाशी धरला.

"पुन्हा सांगा साहेब. मोठ्यानं. मागे माझा भाऊ आहे."