म्हशींचा सेटेरिस पॅरिबस

हिमायतनगरात मारोतीची म्हैस दुधाच्या शर्यतीत शेजारच्या जिलानीच्या म्हशीपुढं दरसाल हरायची. यंदा नात प्रियदर्शनी म्हणाली, "आजोबा, इंग्रजी पुस्तकात लॅटिन शब्द हाय, सेटेरिस पॅरिबस. म्हंजे बाकी सगळं सारखं ठेवा, मगच तुलना करा."

एकच गोठा, एकच चारा. शर्यतीचा पंच म्हणून माशासुद्धा मी मोजून निम्म्या-निम्म्या वाटल्या. तरी जिलानीचीच जिंकली.

"सारखं कुठंय?" मारोती चिडला. "तिच्याशी भाभी गप्पा मारतात. माझी बिचारी माझं तोंड बघती!"

"मग बीवी उसनी देऊ काय?" जिलानी म्हणाला.

त्याची बायको बेगमबी हसत दोन्ही म्हशींच्या मधोमध बसली अन् सासूची गाऱ्हाणी सांगू लागली. जिलानीच्या म्हशीला ती पाठच होती, ती जांभया देत राहिली. मारोतीच्या म्हशीनं मात्र कान टवकारून बादली भरली, घागर भरली, शेवटी मारोतीचं पागोटंही भरलं!