दुसऱ्याच्या मनातलं बोलायची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. बसा ना. नाही, माझ्यावर नको, तिकडे स्टुलावर बसा. माझ्यावर बसणाऱ्याने स्वतःच्या मनातलं बोलायचं नाही, असा इथला नियम आहे. त्या नियमापायी या खोलीला एकदा कायमचं कुलूप लागायची वेळ आली होती. तीच हकिगत सांगायची आहे, पण आधी माझी ओळख करून देते.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. सुतार हाताचा चांगला, पण भारी घाईचा. माझं लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. "गिऱ्हाईक दारात उभं आहे, लाकूड वाळेल मग सावकाश," म्हणत त्याने मला सांधलं. लाकूड सावकाश वाळलं, सांधे सैल झाले आणि मी करकरायला लागले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी तर लाकूड, म्हणजे मेल्यावर खोड लागलेली.

प्रार्थनागृहात मला सुरुवातीला पहिल्या रांगेत मान होता. सगळे डोळे मिटून बसले की शेजारच्याच्या पोटातलं गुरगुरणंही ऐकू येई, इतकी शांतता व्हायची. नेमका तेव्हाच माझ्यावरचा माणूस जरा हलायचा आणि मी कर्रर करायचे. लोकांनी आधी कानाडोळा केला, मग कपाळाला आठ्या घातल्या, आणि एक दिवस मला उचलून मागच्या खोलीत टाकलं. पहिल्या रांगेतून थेट अडगळीत. शेजारी मोडका पंखा आणि कुबट सतरंज्या. मला ते फार लागलं. पुढे कित्येक दिवस माझ्यावर फक्त धूळ बसत होती.

मग त्या खोलीत तरुण मुलंमुली जमायला लागली. दर शनिवारी, कामं आटोपली की. त्यांना गोळा करणारी मुलगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि प्रार्थनागृहाचा कारभारही तेच पाहायचे. खोलीची किल्ली त्यांनीच लेकीला दिली होती. आई नव्हती तिला. घरात बाप-लेक दोघंच.

मुलं काय करायची? भांडायची. आईवडिलांना दुखवू नये म्हणून खोटं बोललं तर चालतं का? पोटासाठी प्रार्थना चुकवली तर पाप लागतं का? लग्न कुणाच्या मर्जीने करावं? एकेक विषय निघायचा आणि चहा गार व्हायचा. एकदा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला असलेला लंबू उठून दाराकडेच निघाला. त्याने प्रार्थनेला येणं सोडलं होतं आणि सगळे मिळून त्याला समजावत होते.

"तुम्हाला माझं ऐकायचंच नाहीये," तो म्हणाला. "नुसतं उत्तर द्यायचंय."

चिमणीने इकडेतिकडे पाहिलं, मला अडगळीतून ओढलं आणि ओढणीनेच पुसलं. "थांब. मी या करकरीवर बसते आणि तुझं म्हणणं तुझ्या जागी बसून सांगते. तू जोवर 'हो, हेच' म्हणत नाहीस तोवर उठणार नाही. मग तर झालं?"

असा नियम पडला. माझ्यावर बसेल त्याने स्वतःचं बाजूला ठेवायचं आणि समोरच्याच्या मनातलं बोलायचं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्या करकरीसाठी मला हाकललं होतं, तिच्यावर आता नंबर लागायचे. माणूस बसताना फुगलेला असायचा आणि उठताना जरा निवलेला. हे मी ऐकीव सांगत नाही.

पण चिमणी जेव्हा पहिल्यांदा लंबूच्या जागी बसून बोलत होती, तेव्हाच घोटाळा झाला.

बाहेरच्या बोळात प्रार्थनागृहाचं मोठं घड्याळ आहे. त्याला चावी द्यायला दर शनिवारी तिचे बाबाच यायचे. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत चिमणी माझ्यावर बसून मोठ्याने म्हणत होती, "प्रार्थना म्हणजे नुसती सवय आहे. त्यात देवबिव काही नाही. मोठी माणसं डोळे मिटतात ती देव दिसावा म्हणून नाही, समोरचं दिसू नये म्हणून."

चावीचा आवाज मधेच थांबला. मला ऐकू आलं, पण खुर्चीला कोण विचारतो? बाबा तसेच निघून गेले. त्या आठवड्यात घड्याळ बंद पडलं.

बाबांनी घरी एक शब्द काढला नाही. आत येऊन "काय चाललंय?" एवढं विचारलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ज्या माणसाने लेकीला बोट धरून प्रार्थनेला नेलं, त्याला ते वाक्य कसं गेलं असेल? बाबा थेट धर्ममंडळाच्या मोठ्या गुरुजींकडे गेले. मंडळाला निमित्त हवंच होतं. पोरंपोरी दार लोटून काय बोलतात, कुठल्या गोष्टींना बरोबर म्हणतात, याची कुजबुज आधीपासून होती. काही आठवड्यांनी गुरुजींनी निरोप धाडला, शनिवारी येतो, सगळ्यांनी हजर राहावं. खोली चालू राहील की बंद होईल, ते त्याच दिवशी ठरेल.

त्या शनिवारी खोली झाडून लख्ख केली होती आणि चहाला कोणी हात लावत नव्हतं. गुरुजी आले. उंच, सावकाश बोलणारे. मागोमाग बाबा, मान खाली घालून. चिमणीला तेव्हाच कळलं की तक्रार घरातूनच गेली आहे. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

गुरुजींनी बाबांनी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "हे तू बोललीस?"

"बोलले," चिमणी म्हणाली. आणि तिने माझा नियम सांगितला.

गुरुजींनी मला निरखून पाहिलं. "म्हणजे चुकीची बाजूही पटेल अशी मांडायची. हे कसले संस्कार?"

"पटवत नाही आम्ही, गुरुजी. ऐकून घेतो."

"मी सांगू का?" लंबू उभा राहिला. "ते म्हणणं माझं होतं. मी इथे यायचंच सोडणार होतो. हिने ते नीट सांगितलं, म्हणून राहिलो. आता प्रार्थनेलाही येतो. म्हणजे... कधीमधी येतो."

कोणीतरी हसलं आणि पटकन तोंड दाबलं. गुरुजींच्या ओठांच्या कडाही हलल्यासारख्या वाटल्या. ते बाबांकडे वळले. "झालं तर मग. मुलीचं त्यात काहीच नव्हतं."

खोलीने श्वास सोडला. चिमणीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. खोली वाचली होती, बाबांचा जीव भांड्यात पडत होता. पण ती म्हणाली, "होतं. एक वाक्य माझं होतं."

लंबूने कपाळावर हात मारला.

"डोळे मिटण्याचं," ती बाबांकडे बघत म्हणाली. "प्रार्थना मी सोडलेली नाही, बाबा. सोडणारही नाही. पण मला दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात काम मिळतंय, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं? दर वेळी तुम्ही एक डोळा भिंगाला लावता, दुसरा मिटता आणि कुणाचं तरी घड्याळ उघडून बसता. ते वाक्य लंबूच्या म्हणण्यात मी घुसडलं. तेवढी माझी चूक."

आता खोली बंदच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं. पुन्हा अडगळ, पुन्हा धूळ, मोडका पंखा आहेच सोबतीला. बाबांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

"म्हणजे बाकीचं तुझं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ, बाबा."

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. गुरुजी उठले आणि त्यांनी मला बाबांपुढे सरकवलं. "कारभारी, ही खुर्ची अशीच वापरतात ना? बसा. मुलीच्या मनातलं बोला. बघू तरी काय होतं ते."

बाबा बसले. मी करकरले. इतक्या वर्षांत मला करकरायची लाज वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली.

"मला मोठ्या दवाखान्यात जायचंय," बाबा अडखळत म्हणाले. "तिथे पगार चांगला आहे."

"नाही," चिमणी म्हणाली.

"मला... मला पुढे शिकायला मिळेल तिथे. इथे तेच ते काम करून जीव उबगलाय."

"हे आहे. पण एवढंच नाही."

बाबांनी माझे दोन्ही हात धरले. बारीक स्क्रू लीलया बसवणारी ती बोटं माझ्या सैल सांध्यांवरून फिरत राहिली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला जायचंय आणि जायची भीतीही वाटतेय. मी गेले तर बाबा एकटे पडतील. जेवतील की नाही कोण जाणे. त्यांनी एकदा 'जा' म्हटलं असतं तर मी रडत का होईना, पण गेले असते. ते काहीच बोलत नाहीत म्हणून मी चिडते."

"हो," चिमणी म्हणाली. "हेच."

बाबा उठले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा." एवढंच.

गुरुजींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "मंडळात मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागणार आहे," ते म्हणाले. "तुमचं सगळं मला पटलंय असं समजू नका. पण खोली चालू राहील. अट एकच. दार लोटायचं नाही. आणि ज्याला ऐकायचंय त्याने बोळात उभं राहायचं नाही, आत येऊन बसायचं." जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "मंडळाच्या बैठकीलाही अशी एक खुर्ची हवी." मी मनात म्हटलं, न्या की, पण मुलं सोडणार नाहीत.

ते गेल्यावर खोलीत जो गलका झाला, त्यात मी कुणाकुणाच्या वजनाने करकरले ते माझं मलाच आठवत नाही. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

चिमणी गेली त्यालाही आता बरेच दिवस झाले. बाबा शनिवारी घड्याळाला चावी देतात आणि मग आत येतात. मुलं यायच्या आधी तिला फोन लावतात. पहिल्यांदा लावला तेव्हा नकळत माझ्यावरच टेकले.

"मी अगदी मजेत आहे गं," ते म्हणाले. "जेवण वेळेवर. काही काळजी करू नकोस."

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, करकर ऐकू येतेय. कशावर बसलाय तुम्ही?"

बाबा दचकले. मग खळखळून हसले, उठले आणि तिकडे, तुम्ही बसलाय ना, त्याच स्टुलावर जाऊन बसले.

"आठवण येते गं चिमणे," ते म्हणाले. "भाजी रोज करपते."

तेव्हापासून फोन लावायच्या आधी ते न चुकता स्टूल ओढून घेतात. माझा उजवा पाय आता डुगडुगतो, मुलं सुताराला बोलावणार आहेत. तो तुम्हाला वाटेत भेटलाच तर माझा निरोप सांगा. पाय बसव म्हणावं, खिळे हवे तेवढे ठोक. करकर मात्र राहू दे. बाबा बोलताना करकर येत नाही ना, ते पलीकडे ती ऐकत असते.