हौसाकाकीच्या बरणीतल्या चाव्या

गंगावहिनी गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी लोटे गावच्या एका कारखान्याबाहेर रांगेत अकरावा उभा होतो. मित्रांनो, मी सहा चाकांचा एक म्हातारा ट्रक. माझ्या पाठीवर पोती होती आणि केबिनमध्ये केरू होता. माझा मालक तोच आणि चालकही तोच.

रांगेतला आमचा तो दुसरा दिवस होता. आदल्या दिवशी सकाळी वहिनीचा, म्हणजे केरूच्या बायकोचा, मंडणगडहून फोन आला होता. तिच्या छातीत दुखत होतं.

"तुमी कवा येनार?" तिने विचारलं.

"पुढं सोळा गाड्या हायेत. माल उतरला की निघालोच. तवर डॉक्टरला दाखवून ये."

"बरं," ती म्हणाली. तक्रार करण्याची तिला सवय नव्हती.

त्या फाटकावर एक नियम होता. रांग पुढे सरकली आणि एखादा ट्रक जागचा हलला नाही, तर पहारेकरी त्याला सगळ्यांच्या मागे पाठवायचा. म्हणून कोणी गाडी सोडून जात नसे. केरूही गेला नाही. चोवीस तासांत आम्ही सहा गाड्या पुढे सरकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मुलीचा, ज्ञानेश्वरीचा फोन आला. ती नीट बोलू शकत नव्हती, पण केरूला कळलं आणि मलाही कळलं. त्याने फोन पालथा ठेवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो बसून राहिला. तेवढ्यात पुढची गाडी हलली. केरूने गिअर टाकला, मला पुढे नेलं, ब्रेक लावला आणि मग तो खाली उतरून माझ्या चाकाला टेकून बसला.

मागच्या ट्रकचा अयूब धावत आला. तो दाभोळचा. केरूसारखाच एका गाडीचा मालक. सगळं ऐकून त्याने हात पुढे केला.

"चावी दे, केरूभाऊ. दोन्ही गाड्या मी सरकवतो. तू जा."

केरूने चावी दिली. देताना म्हणाला, "काल मागितली अस्तीस तर..." आणि मग स्वतःच म्हणाला, "तू कशाला मागशील. मीच द्यायला पायजे होती."

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण ट्रकवाला आपली चावी दुसऱ्याच्या हातात देत नाही. तो जेवायला बसला तरी चावी खिशात असते, अंघोळीला गेला तरी जानव्याला किंवा करदोट्याला बांधलेली असते. कोणी डिझेल काढील, कोणी गाडी ठोकील, कोणी आपलं भाडं पळवील, अशी भीती प्रत्येकाला असते. ही भीती मी जन्मापासून पाहत आलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा मला फक्त इंजिन, चाकं आणि सांगाडा होता. माल भरायचा लाकडी हौदा बसला तो चिपळूणला. पहिल्या मालकाने माझ्यावरून जांभ्याचे चिरे वाहिले. लाल धुळीने माझा मूळ रंग कोणता तेच लोक विसरले. पुढे दोन उन्हाळे मी आंब्याच्या पेट्या नेल्या. तेव्हा लोक माझं कौतुक करायचे, कारण परशुराम घाटात भले भले ट्रक धापा टाकायचे आणि मी गुमान चढायचो. नंतर मी जुना झालो. दोन पावसाळे एका गॅरेजच्या मागे उभा राहिलो. शेजारच्या ट्रकचे एकेक भाग लोक काढून नेत होते. आधी त्याचे दिवे गेले, मग दारं, मग इंजिन. तेव्हापासून मला उभं राहण्याची भीती वाटते.

केरूने मला तिथून सोडवलं. गंगावहिनी मला 'थोरला' म्हणायची. "थोरल्या, ह्यांना घाटात सांभाळ," असं माझ्या बॉनेटवर हात ठेवून सांगायची. घाटात मी त्याला सांभाळलं. रांगेत मला काही करता आलं नाही.

तेराव्यानंतर केरू कामावर आला तेव्हा आमच्या अड्ड्यावर एक बैठक झाली. लोट्याजवळ हमरस्त्याच्या कडेला आम्ही तेवीस ट्रक उभे राहतो. तेवीस ट्रकांचे तेवीस मालक, आणि प्रत्येक जण आपापल्या गाडीवर स्वतःच बसणारा. तिथेच हौसाकाकीची चहाची टपरी आहे. अयूब बाकावर उभा राहून बोलला. एका ठरलेल्या दरापेक्षा कमी भाड्यात कोणी माल भरायचा नाही. रांगेत एका दिवसापेक्षा जास्त थांबवलं तर प्रत्येक दिवसाचे पैसे घ्यायचे. फाटकाबाहेर पाण्याचा नळ आणि संडास पाहिजे. घरी अडचण असेल त्याची रांगेतली जागा राखायची. हे मान्य होईपर्यंत तेवीस गाड्या बंद.

सगळे माना हलवत होते आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. मागच्या खेपेला असाच बंद ठरला होता. तो पहिल्या संध्याकाळीच मोडला होता.

"बोलाया काय जातंय?" खेडचा बाबल्या म्हणाला. "मी थांबतो. पण ह्यो केरू थांबंल कशावरून? आन् मी थांबंन ह्ये केरूनं कशावरून धरायचं?"

हौसाकाकी भांडी विसळत होती. तिने बिस्किटांची रिकामी काचेची बरणी आणून फळीवर आदळली. "घाला हितं चाव्या. मेल्यांनो, चावीच नसली तर गाडी पळवाल कशी? बरणी माझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल."

सगळ्यांचे हात आपापल्या खिशावर गेले. मग केरू उठला आणि त्याने माझी चावी बरणीत टाकली. काचेवर टण्‌ आवाज झाला. त्यामागून अयूबची, मग बाबल्याची, अशा तेवीस चाव्या पडल्या. बाबल्याची गाडी त्या दिवशी त्याच्या घरीच उभी होती, तरी त्याने चावी टाकली.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवसापासून भीती पसरायला लागली. आम्ही उभे होतो, आणि उभ्या ट्रकवर कावळेसुद्धा निवांत बसतात. चालक येता-जाता वाकून दुसऱ्याच्या चाकाखालचा दगड बघायचे. दगड जागचा हलला आहे का, टायरला ताजी माती आहे का, हे बघायचे. केरूही बघायचा. कोणी विचारलं तर "हवा बघतोय" म्हणायचा. मला माझ्या गॅरेजमधल्या शेजाऱ्याची आठवण यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी केरू मंडणगडहून एसटीने आला आणि सरळ माझ्या केबिनमध्ये चढून बसला. फोन वाजला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला सागर बोलत होता. त्याचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं.

"केरूदादा, दोन गाड्या लागतायत. वाशीचा माल, भाडं तुमच्या दरापेक्षा वरचं देतो. बाबल्या भरायला पोचलासुद्धा. तू येतोस की दुसऱ्याला सांगू?"

"बाबल्या?"

"मग काय. तुम्ही बसा बरणीकडे बघत."

फोन बंद झाला. केरूने खिशात हात घातला आणि एक चावी काढली. तिला तांदळाचं पीठ लागलेलं होतं. वहिनी ती पिठाच्या डब्यात ठेवायची, हरवू नये म्हणून. मित्रांनो, प्रत्येक ट्रकला दोन चाव्या मिळतात. ही गोष्ट तेवीसच्या तेवीस जणांना माहीत होती, आणि बैठकीत एकानेही तिचं नाव काढलं नव्हतं.

ज्ञानेश्वरीला आता त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. सगळे थांबले आणि तो थांबला तर ठीक. पण सगळे गेले आणि तो एकटाच थांबला, तर यापुढे त्याला माल कोण देणार? त्याने चावी फिरवली. मी सुरू झालो. इतके दिवस मी उभं राहायला घाबरत होतो. त्या क्षणी मला चालायची भीती वाटली. माझ्यामागे एकवीस ट्रक होते आणि त्या सगळ्यांना माझा आवाज ऐकू गेला होता.

टपरीवरून अयूब आला. तो धावला नाही, ओरडला नाही. पायरीवर चढून त्याने खिडकीत कोपर टेकवलं.

"कुठं?"

"बाबल्या गेला, अयूबभाय. सागरनं सांगितलान."

"तू बाबल्याला विचारलंस?"

अयूबने फोन लावला. पलीकडे बाबल्या उचलल्या उचलल्या ओरडायला लागला. "लाज न्हाय वाटत तुमाला? बरणीत पयली चावी टाकलान त्यो केरू माल भरायला गेला म्हनं, सागर सांगतोय! मी आपला येड्यावानी घरी..."

"तू कुठं हायेस?" अयूबने विचारलं.

"घरी. गाडीत."

"गाडी चालू हाय?"

बाबल्या हळूच म्हणाला, "जरा तापवत होतो."

"चावी कुठून आणलीस?"

"...दुसरी."

केरूने मला बंद केलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मला मार, अयूबभाय."

अयूबने आपल्या खिशात हात घातला. त्याच्याही तळहातावर एक चावी होती. "माझ्या बायकोनं, रझियानं दिली. असू दे म्हणाली. मीही नको म्हणालो नाही. तीन दिवस खिशात घेऊन लोकांना शिकवतोय मी."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता केरू रडला. वहिनी गेल्यापासून तो रडला नव्हता. नंतर ते दोघं टपरीवर गेले आणि दोन चाव्या बरणीत पडल्या.

"आत्ता आलात काय लायनीवर?" हौसाकाकी म्हणाली. "मला वाटलं, दोन चाव्या असतात ह्ये फकस्त मलाच ठावूक."

तुला ठाऊक होतं तर बोलली का नाहीस, असं केरूने विचारलं. ती म्हणाली, "बोलले अस्ते तर पयलीपण टाकली नस्ती कुनी."

संध्याकाळी बाबल्याही आला आणि त्याने आपली दुसरी चावी टाकली. त्याच्यामागून आणखी पाच पडल्या. बाकीचे म्हणाले, घरी राहिली आहे, उद्या आणतो. कोणी म्हणाला, हरवली. त्यांना खोटं ठरवावं असं मला वाटत नाही. रस्त्यावर प्रत्येकाला एकट्यानेच गाडी चालवावी लागली आहे. घाटात ब्रेक गेला तेव्हा कोणी मदतीला आलं नाही, रांगेत बायकोचा फोन आला तेव्हा कोणी जागा राखली नाही. इतक्या वर्षांची भीती एका बरणीत कशी मावेल?

आज बंदाचा पाचवा दिवस आहे. काल बाहेरगावचे चार ट्रक आमच्यासमोरून माल भरून गेले. त्यांचे चालक आमच्याकडे बघत नव्हते. केरू दिवसभर टपरीवर असतो. एकेकाला बाजूला घेऊन तो रांगेतल्या त्या दिवसाबद्दल सांगतो. जास्त बोलत नाही. सोळा गाड्या पुढे होत्या आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला चावी द्यायला मी घाबरलो, एवढंच सांगतो. काही जण ऐकतात. काही जण चहा अर्धा ठेवून उठून जातात.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी गाडीवर असेल, तर ते घरी आल्यावर त्यांना पोटभर जेवू द्या. मग विचारा, तुमची दुसरी चावी कोणाकडे आहे? ती ठेवायला एक तरी माणूस त्यांच्याकडे असू दे. आम्हा ट्रकांना तेल, हवा, पाणी लागतं, आणि ते कमी पडलं की लगेच कळतं. माणसांचं तसं कळत नाही.

बरणीत आता एकतीस चाव्या आहेत. पंधरा यायच्या आहेत. कारखान्याने अजून बोलणीला बोलावलेलं नाही आणि फाटकाबाहेर नळ बसलेला नाही.