शुक्रावर न पोचलेलं पॅराशूट

"एवढंच?" क्लावदिया प्रोखोरोव्हनाने विचारले. कापायच्या टेबलावर पॅराशूटचा नवा नमुना पसरला होता. जुन्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नव्हता. "अर्कादी ल्वोविच, यात काय कोबी बांधून न्यायचाय?"

इंजिनियर हसले नाहीत. "यान झपाट्यानं खाली जायला हवं. मागच्या खेपेला ते फार रमतगमत उतरलं. खालची हवा आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी दाट निघाली. जमीन यायच्या आत ते गप्प झालं."

"आत? पेपरात तर उतरलं म्हणून आलं होतं."

"हळू बोला, बाई."

"पेपरात आलं म्हणजे उतरलं," शेजारच्या मशीनवरून फाइना म्हणाली. "शुक्रावर कोण बघायला जातंय?"

*

इथे जरा थांबू. आम्ही शिवणखात्यातल्या बायका बोलतोय.

यान जमिनीपर्यंत पोचले नाही, याचा राग नव्हता. आधीची कित्येक तर पृथ्वीभोवतीच अडकली. त्यांना शुक्राचे नावही लावले नाही. भलतेच नाव चिकटवून सगळे मोकळे झाले. पण हे यान तिथवर गेले. परक्या ग्रहाच्या हवेत शिरले, तिथून बोलले. असे आजवर कोणी केले नव्हते. एवढे पुरेसे नव्हते? त्याला खोट्याचे ठिगळ कशाला?

राग त्याचा होता. अजून आहे.

*

एप्रिलात अंतराळदिन. कारखान्याच्या पक्षसमितीचे सेक्रेटरी रोदिऑन मात्वेयेविच टाइप केलेले भाषण घेऊन क्लावदियाकडे आले.

"कारखान्याच्या क्लबात तुम्हीच बोलायचं. शुक्राच्या जमिनीवर तुमच्या हातचं कापड! लोकांना असलं आवडतं." जाता जाता दारात वळले. "नव्या घरांचं पुढच्या आठवड्यात ठरतंय. दोन खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर. तुमचं नाव वर आहे. वरच राहू द्या."

सामायिक घरातल्या एका खोलीत क्लावदिया राहायची. पडद्यामागे खोकणारी आई, टेबलाखाली गादी घालून मुलगी. चुलीसाठी चार कुटुंबांच्या मागे रांग.

"वाच आणि घर घे," फाइना म्हणाली. "आईला खिडकी मिळेल गं."

"आणि दुसऱ्या दिवशी इथं येऊन ते चिमुकलं पॅराशूट कापू? उतरलं असेल तर एवढं लहान कापायचं कशाला?"

"तुला कुणी विचारलंय?"

"तेच तर. कुणीच विचारत नाही."

*

भाषण. जसे लिहून दिले आणि जसे झाले.

कॉम्रेडहो (वाचले)

मागच्या ऑक्टोबरात आपल्या देशाचे यान शुक्राला (वाचले)

जाऊन त्याच्या जमिनीवर अलगद

(चष्मा काढला.)

"उतरलं नाही," क्लावदिया म्हणाली. आवाज चढवला नाही. "वरच राहिलं, हवेत. पॅराशूट मी शिवलं होतं. ते फाटलं नाही. यान बोलत होतं तोवर त्यानं त्याला धरून ठेवलं. एवढं सांगण्यासारखं आहे. पुढचं मी वाचणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. रोदिऑन मात्वेयेविचनी बँडवाल्यांना खूण केली.

*

घर फाइनाला मिळाले.

तिने कोणाला बोलावले नव्हते, तरी जूनमध्ये सामान चढवायला क्लावदिया आली. कपाटाचा मोठा आरसा दोघींनी उचलला. चौथा मजला, लिफ्ट नाही.

"क्लावा, रागावलीस माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? भाषण काय तू लिहिलंस?"

"तसं नव्हे—"

"कोपरा सांभाळ. भिंतीला लागतोय."

वर खोलीला चुन्याचा ताजा वास होता. खिडकीबाहेर बर्चची झाडे. क्लावदियाने तिकडे पाहिले नाही. आरसा भिंतीला टेकवला, त्यावर उमटलेले आपल्या बोटांचे ठसे रुमालाने पुसले, आणि पुढची पेटी आणायला ती जिना उतरू लागली.